सात नंबरचा पाला

"हे काय आणलंय तुम्ही?"

सिस्टरांनी डब्यातून एक रोपटं चिमटीत धरून उचललं. मुळाला माती होती आणि देठाला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. लेबलावर हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात आकडा होता : तीन.

"माल," बाबा म्हणाले.

"कसला माल?"

"ओळखायला आणलाय. बारा नग आहेत. मोजून आणलेत, मोजून परत नेईन. तुमच्या वॉर्डात एक पान मागे राहणार नाही, हवं तर लिहून देतो."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा काही बोलले की लोक माझ्याकडेच बघतात, जणू मी त्यांना घडवलंय. मी खांदे उडवले. आईच्या आजारपणाचा तो विसावा दिवस होता आणि बाबांची बाजू सावरायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"दहा मिनिटं," सिस्टर म्हणाल्या. "आणि माती चादरीवर सांडली तर चादर तुम्ही धुवायची."

"वर्तमानपत्र आणलंय," बाबा म्हणाले आणि पिशवीतून त्याची घडी काढली.

बाबा बसडेपोत स्टोअरकीपर होते. चौतीस वर्षं त्यांनी नट, बोल्ट, ब्रेकचे पट्टे आणि वायपरच्या काड्या सांभाळल्या. प्रत्येक वस्तूला खाना, प्रत्येक खान्याला लेबल आणि प्रत्येक लेबलाला नंबर. 'सही नाही तर माल नाही' अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून खिडकीवर लावली होती, आणि एकदा खुद्द डेपो मॅनेजरला त्यांनी बल्बसाठी पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. आईने ते दोन दिवस राहू दिले आणि तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून टाकले.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अख्खं गाव तिला आवाजाने ओळखायचं. दुकानात तिने नुसतं "साबण आहे का?" विचारलं तरी गल्ल्यावरचा माणूस मान वर करून म्हणायचा, "बाई, तुम्ही एक्स्चेंजमधल्या ना?" त्याच आईची एका सकाळी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आवाज होता, पण त्यातून शब्द होत नव्हते. पहिले तीन दिवस तिने प्रयत्न केला. चौथ्या दिवशी तिने तोंड मिटलं आणि मान खिडकीकडे वळवली, ती वळवलीच.

दाखल करताना एक गोष्ट घडली होती. काउंटरवरच्या कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला, आईचा डावा अंगठा धरला आणि कागदावर उठवला. बाबा म्हणाले, "अहो, तिला सही येते." तो माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ विचारलं, "येत असेल आजोबा. पण आत्ता येते का?" आईला आत नेईपर्यंत बाबा आपला रुमाल भिजवून तिच्या अंगठ्याची शाई पुसत बसले होते.

मग वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या, हातात चित्रांची कार्डं. छत्री, गाय, चमचा. "आजी, गाय कुठली? गाय दाखवा बघू." आईने गाय दाखवली नाही. चमचाही दाखवला नाही. तिने कार्डांकडे बघितलंसुद्धा नाही. दोन आठवडे हेच चाललं आणि मग अहवाल आला. त्यात एक ओळ होती : 'आकलन अत्यल्प.' डॉक्टर म्हणाले, "घरी नेल्यावर लहान मूल समजून वागा. बोललेलं कळेलच असं नाही."

मी त्यावर विश्वास ठेवला. मी शाळेत भूगोल शिकवते आणि छापील कागदावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. बाबांनी मात्र अहवाल वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तपासणाऱ्याने चुकीची वस्तू मागितली असेल."

आता हेडक्लार्कबद्दल सांगायला हवं.

हेडक्लार्क म्हणजे आमचं कासव. सव्वीस वर्षांपूर्वी आईची एक मैत्रीण गाव सोडून गेली आणि जाताना ते आमच्याकडे ठेवून गेली. तेव्हा ते ताटलीएवढं होतं, आता परातीएवढं आहे. एक्स्चेंजमधला आईचा हेडक्लार्क म्हणे रजेचा अर्ज दिसला की मान आत ओढून घ्यायचा, म्हणून हे नाव. घराच्या मागच्या अंगणात विटांची वीतभर उंच कड करून आईने त्याला जागा करून दिली होती. कडेच्या आतलं सगळं त्याने कधीच फस्त केलेलं, आत नुसती माती. कडेबाहेर मात्र अंगणभर तण माजलेलं, आणि ते आई कुणाला उपटू द्यायची नाही. रोज सकाळी सात वाजता ती हातात जुनी पत्र्याची ताटली घेऊन अंगणात वाकायची, इथलं एक पान, तिथली दोन, असं तोडत फिरायची आणि ताटली त्याच्यापुढे ठेवायची. कुठलं पान आणि का, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बाबा खुर्चीतून म्हणायचे, "एवढं काय निवडतेस? गवत म्हणजे गवत." त्यावर ती म्हणायची, "हो, आणि बोल्ट म्हणजे बोल्ट." बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

आई दवाखान्यात गेली आणि हेडक्लार्कने खाणं सोडलं. बाबांनी आधी बाजारातून कोबी आणला. मग काकडी, मग गाजर किसून. त्याने एकदा काकडी हुंगली आणि तिच्यावर पाय देऊन निघून गेला. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "कासव बरेच दिवस उपाशी राहू शकतं, पण हे वयस्कर आहे. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, नळी घालावी लागेल. बाईंनी रोज जे दिलं तेच द्या. अंगणातलं तणच कासवांसाठी चांगलं."

"कुठलं तण?" बाबांनी विचारलं.

"मी फोनवर कसं सांगू? एक मात्र लक्षात ठेवा. मोडल्यावर पांढरा चीक आला की ते टाकून द्या. चीक असलेलं विषारी असतं."

झालं. बाबांना नियम मिळाला. त्यांनी अंगणाचे पट्टे पाडले, गुडघ्याखाली उशी घेतली आणि जितक्या तऱ्हेची झाडं दिसली तितक्यांना लेबलं बांधली. बारा प्रकार निघाले. प्रत्येकाचा देठ मोडून बघितला. हाताला खाज आली त्याला लाल लेबल, वास उग्र त्याला लाल लेबल, चीक निघाला त्याला लाल लेबल. बाकीची आठ हिरवी. ती आठही त्यांनी ताटलीत घालून हेडक्लार्कपुढे ठेवायला घेतली, आणि ऐन वेळी त्यांचा हात थांबला. "यातलं एखादं घातक निघालं तर?" ते मला म्हणाले. "बिनसहीचा माल मी आयुष्यात दिलेला नाही."

मी वैतागले होते. दवाखाना, शाळा, घर आणि वर हे कासव. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंकडे मोठी बाग आहे. त्यांना मी परस्पर विचारून टाकलं होतं, आणि रविवारी त्या हेडक्लार्कला न्यायला येणार होत्या. ते मी बाबांना सांगितलं तेव्हा ते अंगणातच मातीत बसले.

"ती घरी आल्यावर आधी मागच्या दारी जाईल," ते म्हणाले. "तिथे नुसत्या विटा दाखवू का तिला?"

"बाबा, तिला कळणारसुद्धा नाही कदाचित."

बोलून गेले. बाबांनी घरात जाऊन चार पुडांचा डबा काढला, बारा रोपटी मुळांसकट त्यात भरली आणि म्हणाले, "तर मग तिलाच विचारू. कळतं की नाही, एकदाच काय ते ठरू दे."

म्हणून त्या गुरुवारी दुपारी आम्ही डबा घेऊन वॉर्डात उभे होतो.

बाबांनी आईच्या पलंगावरचं जेवणाचं टेबल पुढे ओढलं, वर्तमानपत्र पसरलं आणि रोपटी ओळीने मांडली. आई खिडकीकडे बघत होती. बाबांनी घसा खाकरला.

"अगं ए. हेडक्लार्क जेवत नाहीये. वीस दिवस झाले."

आईची मान वळली. मी जवळच होते, मला दिसलं. वीस दिवसांत तिने पहिल्यांदा कुणाच्या शब्दावर मान वळवली. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रोपट्यांकडे, मग त्यांच्यावरच्या लेबलांकडे. तिचा चेहरा एका बाजूने उतरलेला होता, पण उरलेल्या बाजूवर जो भाव आला तो मला चांगलाच ओळखीचा होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरचे नंबर पुसताना तिचा हाच चेहरा होता.

"एक नंबर," बाबा म्हणाले आणि पुढे केलं.

आईने डाव्या हाताने ते घेतलं, पान उलटून बघितलं आणि आपल्या छातीशी ठेवलं.

"म्हणजे चालेल? बरं. दोन नंबर."

दोन नंबर छातीशी. तीन नंबर तिने नुसतं बघितलं आणि पलंगावरून खाली टाकलं. सिस्टरांनी लांबून "अहो, माती!" केलं. बाबांनी वहीत तीनपुढे फुली मारली. "पण हे हिरव्यात होतं की!" ते पुटपुटले. "बरं झालं दिलं नाही."

चार नंबरचं पान जाड, मांसल होतं. आईने ते उचललं, दातात धरून अर्धं केलं, एक तुकडा छातीशी ठेवला आणि दुसरा खाली टाकला.

"अर्धं?" बाबा गोंधळले. "अर्धं पान चालतं आणि अर्धं नाही, असं कसं?"

आईने डोळे मिटले, जणू कसल्या माणसाशी गाठ पडलीये असं म्हणत असावी. मग डोळे उघडून तिने डाव्या हाताचं बोट आणि अंगठा एकमेकांजवळ आणले, अगदी चिमूटभर अंतर ठेवलं, आणि ते बाबांना दाखवलं.

"थोडंसं!" मी ओरडले. "बाबा, ती म्हणतेय थोडंसंच द्यायचं!"

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. होय अशी. 'आकलन अत्यल्प.' मी त्या ओळीवर विसंबून गेले दोन दिवस आईसमोर तिच्याबद्दल परक्यासारखी बोलत होते. तिला सांभाळायला कुणाला किती पगारावर ठेवायचं, तिला कुठल्या खोलीत हलवायचं, हेसुद्धा तिच्या उशाशी उभं राहून. तिने सगळं ऐकलं होतं. मला फार लाज वाटली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की दोन्हींचं काय करावं ते समजेना.

बाबा मात्र कामात होते. "चार नंबर, अल्प प्रमाणात," त्यांनी लिहिलं. पाच, सहा, नऊ, दहा. सगळ्यांचा निकाल लागला. शेवटी लाल लेबलांची चार रोपटी कोपऱ्यात उरली.

"ही विचारायची नाहीत," बाबा म्हणाले. "ही बाद आहेत. तुला माहीत असावं म्हणून आणली."

आईचा हात त्या कोपऱ्याकडे गेला. तिने सात नंबर ओढलं. जमिनीला चिकटून वाढणारं, कडा कातरलेल्या लांब पानांचं रोपटं. ते तिने छातीशी घेतलं.

"अगं, ते नाही. त्याला चीक आहे." बाबांनी तिच्या हातातून एक पान घेऊन मोडलं. पांढरा थेंब आला. "बघ."

आईने ते परत ओढून घेतलं.

नेमक्या त्याच वेळी वाचा-उपचाराच्या मॅडम आल्या. हातात कार्डं होतीच. काय चाललंय ते मी त्यांना घाईघाईने सांगितलं, चिमूटभराचं तर दोनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आणि आता विषारी वनस्पतीलाही त्या होच म्हणतायत," त्या हळुवारपणे बाबांना म्हणाल्या. "आजोबा, असं होतं. घरची माणसं खुणा शोधतात. त्यांना फरक कळत नाहीये. वाईट वाटून घेऊ नका."

आईने ते ऐकलं. तिने कोपऱ्यातून आठ नंबर उचललं, त्याचा देठ दातांनी तोडला, त्यातून आलेला पांढरा थेंब मॅडमना दाखवला आणि ते रोपटं खाली टाकलं. मग सात नंबरचं एक पान तोडलं, त्याचाही पांढरा थेंब दाखवला. आणि ते पान सरळ तोंडात घातलं.

"अहो! अहो!" सिस्टर धावत आल्या. "त्यांना अजून पातळ जेवणच चालू आहे!" तोवर आई चावत होती. सावकाश, चांगल्या बाजूने, मॅडमच्या डोळ्यांत बघत. तिने गिळलं. ठसकासुद्धा लागला नाही. सिस्टर तिच्या गळ्याशी हात धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांना जे सुनावलं ते योग्यच होतं.

बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खाली वाकले होते. आठ नंबर त्यांनी फरशीवरून उचललं, आईच्या हातातलं सात नंबर घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही रोपटी डोळ्यांशी धरली. आठ नंबरचा देठ तांबूस, पानं समोरासमोर जोडीने, आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात बारीक फुलांचा गोळा. सात नंबरला देठच नाही, सगळी पानं मुळापासून निघालेली.

"आटे वेगळे आहेत," बाबा म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"एकदा डेपोत नवीन बोल्ट आले होते. दिसायला जुन्यासारखेच. मी जुन्याच खान्यात टाकले. पण त्यांचे आटे वेगळे होते, कुठल्याच नटात बसेनात. दोन गाड्या दिवसभर उभ्या राहिल्या." त्यांनी दोन्ही रोपटी उंच धरली. "चीक बघितला आणि मी दोन वेगळे माल एका खान्यात टाकले. चूक माझी आहे. ही बरोबर आहे."

"तुम्हाला खात्री आहे?" मॅडमनी विचारलं.

"मला नाही," बाबा म्हणाले. "हिला आहे."

घरी येईपर्यंत चार वाजले. मी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "चीक आहे ना? मग न बघता मी हो म्हणणार नाही. सोमवारी घेऊन या." मी फोन ठेवला आणि मागच्या दारी गेले. बाबा ताटलीत सात नंबर तोडत होते. खाली उशी घ्यायलाही विसरले होते.

"बाबा, सोमवारपर्यंत थांबू या. काही झालं तर?"

"काय होईल?"

"तो मेला तर आईला काय सांगणार? तिनेच सांगितलेलं खाऊन मेला म्हणून?"

बाबा थांबले. त्यांनाही ती भीती होती, हे मला तेव्हा कळलं. तोडलेलं पान त्यांनी पुन्हा उलटून पाहिलं.

"सोमवारपर्यंत थांबलो," ते म्हणाले, "तर उद्या तिला काय सांगू? तुझं कळलं, पण डॉक्टरांना विचारून मग मानतो? वीस दिवस सगळे तिला हेच सांगतायत." त्यांनी आणखी दोन पानं तोडली. "सव्वीस वर्षं तिने याला पोसलंय, मी एक दिवस नाही. तिने स्वतः खाऊन दाखवलं, बाई! यापेक्षा मोठी सही कुठली असते?"

मी त्यांच्या हातातून ताटली घेतली आणि विटांच्या कडेपाशी आम्ही दोघं बसलो.

हेडक्लार्क कोपऱ्यात होता, मान आत. बाबांनी ताटली ठेवली. काहीच झालं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी कपडे झटकत होतं. पाचएक मिनिटांनी मान जरा बाहेर आली. मग थोडी आणखी. मग त्याने एक पाय उचलला, विचार केला, आणि ठेवला. हेडक्लार्क रांगेतल्या सगळ्यांना ताटकळवत पोचावं तसा ताटलीपाशी पोचला. त्याने हुंगलं. आणि तोंड उघडून सात नंबरचं पान टचकन तोडलं.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. सुकलेला कागद फाडल्यासारखा बारीक आवाज, परत एकदा, परत एकदा. पान त्याच्या तोंडातून हिरव्या जिभेसारखं लोंबत होतं आणि तो ते आत ओढत होता. एक पान, दुसरं, सहावं. ताटली संपल्यावर त्याने ती पुढे ढकलली. पत्रा विटेवर खणकन आपटला.

"मागतोय!" बाबा म्हणाले. "अगं, मागतोय बघ तो!"

आणि माझे बाबा, ज्यांनी डेपो मॅनेजरला पाऊण तास उभं ठेवलं होतं, गुडघ्यांवर रांगत अंगणभर सात नंबर शोधत सुटले. मी त्यांच्यामागे रांगत होते. दोघंही हसत होतो आणि दोघंही रडत होतो, आणि शेजारीण कपडे झटकायचे थांबवून कुंपणावरून बघत होती. बघू दे म्हटलं. विज्ञानाच्या बाईंना मी तिथूनच फोन केला आणि सांगितलं की रविवारी यायचं असेल तर चहाला या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जाड कागदावर यादी तयार केली. नग क्रमांक, वर्णन, प्रमाण. शेवटी एक रिकामी जागा आणि त्याखाली 'मंजूर करणार'. वॉर्डात ती त्यांनी आईपुढे ठेवली आणि तिच्या डाव्या हातात पेन दिलं.

"तो जेवला," ते म्हणाले. "सगळं जेवला. आता कागद पुरा करायला हवा."

आईने पेन दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा धरलं. पहिलं अक्षर कुशीवर पडलं, दुसरं त्याच्या अंगावर. मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी कार्डं पिशवीत टाकली होती आणि हातात एक रोपटं होतं, दवाखान्याच्या आवारातून उपटलेलं. आईची सही संपायला दहा मिनिटं लागली. शेवटी सहीखालची रेघ तिने पूर्वी ओढायची तशीच ओढली, एका फटक्यात. मॅडमनी रोपटं पुढे धरलं आणि विचारलं, "आजी, हे चालतं का?" आईने ते बघितलं आणि खाली टाकलं. मॅडम हसल्या. "सॉरी," त्या म्हणाल्या, आणि ते रोपट्याबद्दल नव्हतं हे आम्हा सगळ्यांना कळलं.

सोमवारी हेडक्लार्कला तपासायला नेलं. डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं, तोंड उघडून बघितलं, मग सात नंबर हातात घेऊन बराच वेळ एक जाड पुस्तक चाळलं. "ही पाथरी आहे," ते म्हणाले. "हिला पिवळी फुलं येतात, नंतर कापसासारखी उडतात. चीक असूनही निर्धोक. कासवांचं तर आवडतं खाणं. आणि ते आठ नंबर म्हणजे दुधी, भाजीतला दुधी नव्हे, ही रानटी. ती घातक. मी घाईत सरसकट सांगून टाकलं, माझं चुकलं." मग त्यांनी यादी उचलली, सगळी वाचली. चार नंबर म्हणजे घोळ, ती थोडीच द्यावी, हेसुद्धा बरोबर आहे म्हणाले. "याची एक प्रत मिळेल का? माझ्याकडे कासवं आणणारे सगळे हेच विचारतात. कुणी केली ही?"

"लिहिली मी," बाबा म्हणाले. "बाकी खाली सही बघा."

आता ती प्रत त्यांच्या दवाखान्यात काचेखाली लावलेली आहे.

आईला त्यानंतर सोळा दिवसांनी घरी सोडलं. बोलणं अजून आलेलं नव्हतं, आणि येईल की नाही हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. नवा अहवाल मात्र आला होता आणि त्यातली ती ओळ बदलली होती. चाकांच्या खुर्चीतून आम्ही तिला काउंटरवर आणलं. तोच कारकून होता. त्याने कागद पुढे केले, फुली केलेली जागा दाखवली आणि सवयीने शाईचा पॅड सरकवला.

बाबांनी पॅडचं झाकण लावलं आणि तो परत त्याच्या बाजूला ठेवला.

आईने डावा हात पुढे केला. कारकुनाला क्षणभर कळलं नाही, मग त्याने खिशातलं पेन काढून दिलं. तिने कागद खुर्चीच्या हातावर नीट सरळ करून घेतला.

"जरा वेळ लागेल," बाबा त्याला म्हणाले.

आमच्यामागे सात-आठ माणसांची रांग होती. कुणीतरी घड्याळ बघितलं. बाबा ताठ उभे होते, खिडकीतून माल देताना उभे राहायचे तसे. आईने पहिलं अक्षर काढलं, थांबली, ते बघितलं आणि दुसरं काढायला घेतलं. तिला घाई नव्हती.